बिस्किटची खोली

समजा, तुमच्या हातात एक लांब चिमटा आहे. चिमट्यात शेपटीला धरलेला मेलेला उंदीर आहे. फ्रीजरमधून काढून अर्धा तास कोमट पाण्याच्या मगात ठेवल्यावर तो आता जरा मऊ झाला आहे. समोर काचेची पेटी आहे आणि पेटीत साडेतीन फूट लांबीचा, पाठीचा कणा वर आलेला एक आजारी अजगर. तुम्हाला तो उंदीर अजगराच्या तोंडापुढे असा हलवायचा आहे, की तो जिवंत आहे असं त्याला वाटावं. जोरात हलवला तर अजगर डोकं वेटोळ्यात लपवतो. हळू हलवला तर त्याला पत्ताच लागत नाही. वीस मिनिटांनी तुमचं मनगट भरून येतं. उंदराच्या मिशीवरून पाण्याचा एक थेंब अजगराच्या नाकावर पडतो, तरी तो ढिम्म. आणि या सगळ्यात तुमच्या अंगात स्वेटर आहे, तुमचं नाक गळतंय आणि खिडकीबाहेर बहारीनचा जुलै महिना पेटलेला आहे.

कमालभाई हे काम दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून आल्यावर करत होते. पाच शुक्रवार झाले, अजगराने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"खा रे बाबा, यल्ला," ते म्हणायचे. "एक खा. माझ्यासाठी नको खाऊ, माझ्या पोरीसाठी खा." मग चिमटा खाली ठेवून माझ्याकडे वळायचे. "सलील, तू डिप्लोमावाला ना? सांग, याच्या पोटात काय बिघडलंय?"

मी डिप्लोमावाला होतो हे खरं. सांगलीहून इन्स्ट्रुमेंटेशन करून सहा महिन्यांपूर्वी बहारीनला आलो होतो आणि अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात तापमान मोजणारी यंत्रं तपासायचं काम करत होतो. रिफा गावात कमालभाईंच्या घराची बाहेरची खोली मी भाड्याने घेतली होती. पण अजगराच्या पोटाबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, आणि तसं मी दर शुक्रवारी सांगत होतो.

कमाल सरखोत मूळचे रायगडातल्या म्हसळ्याचे. वय चव्वेचाळीस, अंगाने काटक, धंदा एसी दुरुस्तीचा. रिफातल्या निम्म्या व्हिलांच्या एसीला त्यांचा हात लागलेला. सन ऐंशीत, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी, ते इथे हेल्पर म्हणून आले, तेव्हा पत्र्याच्या एका खोलीत आठ जण राहायचे. खोलीत एसी होता, पण बंद पडलेला. त्या उन्हाळ्यात शेजारच्या खाटेवरचा माणगावचा माणूस उकाड्याने असा आजारी पडला, की त्याला परत पाठवावं लागलं. कमालभाईंनी तो मेलेला एसी खाली उतरवला, खोलून बसले आणि अकरा दिवसांनी चालू केला. धंदा तिथे शिकले.

"त्या दिवशी ठरवलं," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "माझ्या छपराखाली कुणी उकडून निघणार नाय."

त्यांनी शब्द पाळला होता. घरातल्या प्रत्येक खोलीत एसी होता. स्वयंपाकघरातही. सगळे चोवीस तास चालू, सगळ्यांची बटणं शेवटच्या, म्हणजे सर्वांत गार आकड्यावर. त्यांच्या घरी जेवायला जाताना मी पायमोजे घालून जायचो. झोहराभाभी बारा महिने शाल पांघरून पोळ्या लाटायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, पण विचारलं तर म्हणायच्या, "चालतंय." दही मात्र त्या घरात लागत नसे. विरजण लावलेलं भांडं त्या सकाळी गाडीच्या डिकीत ठेवायच्या, बाहेरच्या उन्हात दुपारपर्यंत दही तयार. कमालभाईंना गाडी घेऊन कामावर जावं लागलं, की त्या दिवशी दही सगळ्या रिफाभर फिरून यायचं, असं त्या म्हणायच्या.

अजगर या घरात आला तो जूनच्या शेवटी. एक ब्रिटिश बाई देश सोडून निघाली होती. कमालभाईंचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक. व्हिला रिकामा करण्याआधी एसी तपासून द्यायचे म्हणून कमालभाई गेले, आणि शाळेला सुट्टी म्हणून त्यांची नऊ वर्षांची लेक लाईबाही बरोबर गेली. बाईचा मुलगा आधीच इंग्लंडला बोर्डिंगमध्ये गेला होता आणि त्याचा पाळलेला अजगर मागे राहिला होता. मोलकरीण त्याला घाबरायची, बाई स्वतः घाबरायची. महिनोन्‌महिने कुणी नीट खायला घातलं नव्हतं. बाई म्हणाली, कुणी नेला नाही तर उद्या डॉक्टरला बोलावून इंजेक्शन द्यायचं.

लाईबा पेटीपाशी बसली आणि उठेना.

"बेटा, चल. आपल्याला नको."

"ही विल डाय, अब्बा."

"मरणार नाय. बाई बघेल काय ता."

"एव्हरीथिंग डाइज. इन अवर हाऊस आल्सो."

याला कारण होतं. आदल्या दोन वर्षांत त्या घरात दोन लव्हबर्ड मेले होते. एक गुलाबी रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू दोन दिवसांत गेलं होतं. कुंडीतला कढीपत्ताही गेला होता. लव्हबर्डसाठी तर कमालभाईंनी जीव टाकला होता. पिंजरा बरोबर एसीच्या तोंडासमोर टांगला, घरातल्या सर्वांत गार जागी. तरी आठवडाभरात एकामागून एक दोन्ही गेले. तेव्हापासून लाईबाने काही मागायचं सोडून दिलं होतं. बाजारात पिल्लं दिसली की ती मान वळवून पुढे चालायची. आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तेही अर्धमेलं.

"हा मरणार नाय," कमालभाई म्हणाले. "माझा शब्द हाय."

अशा रीतीने बिस्किट घरी आला. हे नाव त्या ब्रिटिश मुलाने ठेवलं होतं. बरोबर काचेची पेटी, पाण्याचं भांडं, वाळकं लाकूड, आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले बारा उंदीर आणि पेटीखाली चिकटवलेली वायरवाली एक काळी चटई. बाईने घाईघाईत सांगितलं ते एवढंच, की आठवड्याला एक उंदीर, गार देऊ नका.

चटईला हात लावून बघितल्यावर कमालभाईंचं डोकं फिरलं. "हिटर! अरे, जून महिन्यात हिटर! बिचाऱ्याला शिजवून काढला या लोकांनी. म्हणून वाळला हा." त्यांनी चटई उचकटून काढली, स्टोअरच्या खोलीत फेकली, आणि बिस्किटला स्वतःची झोपायची खोली दिली. दीड टनाचा नवा एसी त्याच खोलीत होता. ते आणि भाभी दिवाणखान्यात झोपायला आले.

"तीन वर्षांनी माझी बहीण आली होती," भाभी मला म्हणाल्या, "तिला दिवाणखान्यात झोपवलं. आणि या लांबड्याला बेडरूम."

"बहीण आजारी होती का तुझी?" कमालभाई आतून ओरडले.

"इथून गेली तेव्हा झाली होती! खोकत गेली!"

खरं भांडण आइस्क्रीमच्या डब्यावरून झालं. भाभींनी सुरमई काढायला फ्रीजर उघडला आणि डब्यावरचं व्हॅनिलाचं चित्र बघून झाकण काढलं. त्यांची किंकाळी मी माझ्या खोलीत ऐकली. "अवो! माझ्या मासळीच्या बाजूला उंदीर! दफन करा मना, आत्ताच करा!" संध्याकाळी कमालभाईंनी वर्कशॉपमधून एक जुना फ्रीज आणला, स्टोअरच्या खोलीत लावला आणि उंदरांची सोय वेगळी झाली. मगही वेगळा झाला. त्याच्या कानावर भाभींनी नखाला लावायच्या लाल पॉलिशने फुली मारली.

दोन शुक्रवार फुकट गेल्यावर कुणीतरी सांगितलं, मेलेला खात नसेल, जिवंत द्या. कमालभाई ईसा टाऊनच्या बाजारातून एक पांढरा उंदीर घेऊन आले. पेटीत सोडला. आम्ही तिघं काचेला नाक लावून बसलो. उंदीर थोडा वेळ थरथरला, मग बिस्किटच्या वेटोळ्यावर चढला, तोंड पुसलं, आणि तिथेच झोपला.

"इसको कहते हैं मेहमाननवाजी," कमालभाई कपाळाला हात लावून म्हणाले.

एवढ्यात लाईबाने त्याचं नाव स्नोई ठेवून टाकलं होतं. आता त्याला कुणी खाऊ द्यायचा प्रश्नच उरला नाही. त्याला पिंजरा आला, दाणे आले, आणि भाभींनी तो पिंजरा स्टोअरमधल्या जुन्या फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरपाशी ठेवला, म्हणजे नजरेसमोर नको. महिनाभरात स्नोई लिंबाएवढा होता तो मोसंब्याएवढा झाला. भाभी म्हणायच्या, "एक खात नाय म्हणून घोर, दुसरा खाऊन खाऊन फुगला म्हणून घोर. माझ्या नशिबी माणसं कुठे हायत?"

पहिल्याच आठवड्यात बिस्किटच्या नाकपुडीवर बुडबुडे दिसायला लागले होते. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. आम्ही त्याला उशीच्या अभ्र्यात घालून जनावरांच्या एका खासगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सुदानचे, वयस्कर, शांत. त्यांच्याकडे येणारे बहुतेक ससाणे आणि मांजरं. कमालभाई त्यांच्याशी अरबीत बोलत होते आणि मला अर्धं अर्धं मराठीत सांगत होते. डॉक्टरांनी बॅटरीने तोंड बघितलं, छातीला संसर्ग झालाय म्हणाले, पाच इंजेक्शनं लिहून दिली. मग विचारलं, याला पुरेशी ऊब मिळते ना?

कमालभाई हसले. "डॉक्टरसाहेब, या देशात उबेला काय तोटा?"

डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली आणि तेही हसले. मान पुसायचं कारण त्यांचा एसी घरघरत होता आणि गार काही करत नव्हता. कमालभाईंच्या कानाला ती घरघर केव्हाच टोचत होती. ते उठले, एसीपाशी गेले, जाळी काढली, आत हात घातला. "गॅस गेलाय. दहा मिनिटं द्या." गाडीतून सिलिंडर आणला, गॅस भरला, जाळी धुऊन बसवली. खोली गार झाली. डॉक्टर इतके खूश झाले, की त्यांनी तपासणीची फी घेतली नाही. उबेची गोष्ट तिथेच राहिली.

निघताना मात्र ते गंभीर होऊन म्हणाले, दर आठवड्याला वजन करा. पाचशे ग्रॅमच्या खाली गेला तर मग माझ्याकडेही काही नाही.

लाईबाला शाळेत अरबी ही दुसरी भाषा होती. तिला आकडे कळत होते.

मग वजन करणं हे माझं काम झालं. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधला, म्हणजे किराणा दुकानातला, भाजीचा काटा दुकानदार शुक्रवारी पंधरा मिनिटं द्यायचा. बिस्किटला अभ्र्यात घालायचं, काट्यावर ठेवायचं, अभ्र्याचं वजन वजा करायचं. दुकानदाराने दोन आठवडे काही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात अभ्रा स्वतःहून बटाट्यांच्या दिशेने सरकला, त्यानंतर त्याने काटाच आम्हाला देऊन टाकला आणि नवा आणला. आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडायचो. पहिला सहाशे बारा. मग पाचशे नव्वद, पाचशे एकाहत्तर, पाचशे एकोणपन्नास. रेघ सरळ खाली उतरत होती आणि कुठे पाचशेला शिवणार ते पट्टी ठेवून सांगता येत होतं. लाईबाने तो कागद मागून घेतला आणि पेटीवर चिकटवला. पाचशेच्या रेषेवर तिने लाल पेन्सिलीने जाड रेघ ओढली.

कमालभाई इंजेक्शनं स्वतः द्यायचे, एसीच्या नळीत गॅस भरताना जेवढे जपून हात चालवतात तेवढे जपून. दर वेळी सुई बाहेर आली की त्यांचा घाम निघायचा, त्या थंडीतही. मग ते एसीकडे बघून म्हणायचे, "थोडा अजून वाढवू का? आजारी माणसाला आराम पडतो."

दरम्यान जेवणात एक सुधारणा झाली होती. दही. घट्ट, सुरीने कापावं असं. मी दोनदा मागून घेतलं, तिसऱ्यांदा भाभींची तारीफही केली. त्या गालात हसल्या आणि भांडं माझ्याकडे सरकवलं. कमालभाईंचं दह्याकडे लक्ष नव्हतं. ते हल्ली ताटातल्या माशाचा काटा काढता काढता थांबायचे आणि विचारायचे, "कलेजी देऊन बघू का रे? कोंबडीची?"

पाचव्या शुक्रवारी काटा पाचशे तेवीसवर आला. चिमट्याची कसरत झाली, उंदीर मगात परत गेला. लाईबाने कागदावर ठिपका दिला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं. कमालभाई दाराबाहेर उभे राहिले.

"बेटा, अजून तेवीस ग्रॅम हायत."

मग ते भाभींकडे वळले.

"झोहरा, तू बोल तिच्याशी."

"मी काय बोलू? शब्द मी दिला होता का?" भाभी चिडल्या होत्या. "पोरीला खेळणं देतात, बाहुली देतात. यांनी दिला काय, तर मरणारा साप, आणि वर शब्द!"

"मग काय करू सांग! डॉक्टर झाला, इंजेक्शन झालं, जिवंत दिला, मेलेला दिला. माझी खोली दिली, माझा एसी दिला. आणखी काय देऊ? किडनी देऊ?"

त्या दोघांच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून मी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेलो. ताटं ठेवायला ओटा मोकळा नव्हता. कोपऱ्यात दह्याचं पातेलं होतं, आणि पातेल्याखाली एक काळी चटई. चटईची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती.

"भाभी, हे काय आहे?"

त्या आत आल्या, लगेच आवाज खाली केला. "हळू बोल. यांनी फेकून दिलेली. मना वाटलं, गरम तर होते, दही लागेल. लागलं की नाय? तीनदा धुतली हां मी, साबणाने. नापाक काय नाय तिच्यात."

माझ्या शर्टाच्या खिशात कामावरचं एक छोटं डिजिटल थर्मामीटर असायचं. दिवसभर मी साडेनऊशे डिग्रीच्या धातूत खुपसायची यंत्रं तपासायचो, आणि हे खिशातलं तर खोलीची हवा मोजायला होतं. गेले पाच आठवडे ते माझ्या खिशात बसून रोज त्या पेटीसमोर येत होतं. मी त्याची टोकाची तार पातेल्याखाली सारली. आकडा चढत तेहतीसवर थांबला. मग मी बिस्किटच्या खोलीत गेलो, पेटीचं झाकण उघडलं आणि तार बिस्किटच्या अंगाजवळ ठेवली.

साडेअठरा.

मला राग कुणाचा आला हे तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, तो माझा स्वतःचा होता.

"कमालभाई," मी म्हणालो, "याला थंडी वाजतेय."

"कुणाला?"

"बिस्किटला. तो आपल्यासारखा आतून गरम राहत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच त्याच्या अंगात. एवढं तर आम्हाला शाळेत होतं. थंडीत त्याचं पोट चालणारच नाही. तो खाईल कसा?"

"थंडी? बहारीनमध्ये?" त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. बाहेर रस्ता पांढरा दिसत होता, गाड्यांच्या टपांवर हवा थरथरत होती. "बघ! सत्तेचाळीस हाय बाहेर!"

"बाहेर आहे. पेटीत साडेअठरा आहे."

त्यांनी थर्मामीटर माझ्या हातातून घेतलं. झटकलं, पुन्हा बघितलं. उलटं करून बघितलं. "तुझं यंत्र बिघडलंय."

"ती चटई त्याची होती, कमालभाई. ती बाई 'गार देऊ नका' म्हणाली ते नुसतं उंदराबद्दल नव्हतं."

"ती चटई..." त्यांनी स्टोअरच्या दाराकडे बघितलं. "ती तर मी फेकली."

"मी दह्याला घेतली," भाभी दारातून म्हणाल्या. मग त्यांनी शाल खांद्यावर सारखी केली आणि आणखी एक वाक्य टाकलं. "दह्यालासुद्धा या घरात हिटर लागतो."

कमालभाई खाली बसले. मग ते उठले आणि सोळा वर्षांत कुणी त्यांना करताना बघितलं नव्हतं ते त्यांनी केलं. एसी बंद केला.

पण त्यानेही भागणार नव्हतं. अर्ध्या तासात खोली तेहतीसच्या वर गेली आणि चढतच राहिली. आता बिस्किट खरंच शिजला असता. चटईच्या तेहतीसवरून माझा अंदाज होता, हवी तीसेक डिग्री, आणि त्या एसीच्या बटणावर तीस कुठे नव्हतंच. सर्वांत कमी आकड्यावर ठेवला तरी तो पंचवीसला आणून सोडायचा. कमालभाईंनी पान्हे आणले, एसीचं तोंड उघडलं, आतला थर्मोस्टॅट काढून दुसरा लावला, त्याची तार पेटीपाशी आणून बसवली. मी थर्मामीटर धरून आकडे सांगत होतो, ते स्क्रू फिरवत होते. कपाळावरून घाम, तोंडातून बडबड. "गिऱ्हाइकाने सांगितलं असतं ना, की एसी कमी गार करून दे, तर मी त्याला म्हटलं असतं, आधी डॉक्टरला दाखव. इथे मी स्वतः करतोय. कुणाला सांगू नको, सलील. धंदा बसेल."

चटई पेटीच्या एका बाजूखाली परत गेली. दही डिकीत परत गेलं. पेटीची एक बाजू बत्तीस, दुसरी अठ्ठावीस. सोमवारी शिट्टी थांबली. बुधवारी बिस्किट लाकडाच्या मागून बाहेर आला आणि काचेच्या कडेने जीभ काढत फिरला. लाईबा त्या खोलीत सतरंजी पसरून सुट्टीतला गृहपाठ करायला लागली. तिच्यापाठोपाठ भाभी भाजी निवडायला तिथे बसू लागल्या. सुरुवातीला म्हणाल्या, पोरीवर लक्ष ठेवायला. मग शाल दारामागच्या खिळ्याला राहू लागली, आणि दुपारची झोपही त्यांनी तिथेच हलवली, सापापासून चार हातांवर. कमालभाईंनी हे बघितलं.

सहाव्या शुक्रवारी काटा पाचशे अकरा दाखवत होता. जुम्म्याहून आल्यावर कमालभाईंनी मग भरला, उंदीर मऊ केला, चिमटा घेतला. या वेळी कुणाच्याच अंगात स्वेटर नव्हता. उंदीर एकदा हलला असेल नसेल, बिस्किटची मान मागे गेली आणि पुढचं मला दिसलंच नाही. फक्त चिमटा रिकामा झाला. वेटोळ्याच्या मध्ये उंदराची शेपटी होती, मग तीही नव्हती.

लाईबा उठून उभी राहिली. "अब्बा," ती म्हणाली, आणि पुढचं मराठीत, जे ती कधी बोलायची नाही, "खाल्ला त्याने. खाल्ला!"

"ओरडू नको गो," भाभी म्हणाल्या, "पचू दे त्याला." आणि स्वतःच डोळे पुसायला लागल्या. स्टोअरमधून स्नोईने पिंजरा खडखडवला.

दोन आठवड्यांनी आलेखाची रेघ वर वळली. पाचशे अडतीस. लाईबाने तो ठिपका हिरव्या पेनाने दिला. मला वाटलं, आता कमालभाई पार्टी देतील, निदान सगळ्या रिफाला सांगत सुटतील. पण सगळ्या खोल्यांमधली बटणं त्यांनी एकेक आकडा खाली आणली, आणि कुणी बघत नाहीसं बघून माझं थर्मामीटर प्रत्येक खोलीत फिरवलं.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसले. हवा अजून अंगाला भाजत होती, पण त्यांना आत यायचं नव्हतं. हातात थर्मामीटर होतं, ते चालू-बंद करत होते.

"तुझ्या पुस्तकांत मिळतं का बघ," ते म्हणाले. "लाईबाला विचारता येत नाय मला. झोहराला पण नाय."

"काय?"

त्यांनी दिवाणखान्याच्या खिडकीकडे बघितलं. तिथे एसीसमोर, पिंजरा टांगायचा तो रिकामा हूक अजून होता.

"लव्हबर्डना किती डिग्री लागते रे?"